तातडीची मदत: गाडीच्या विम्याचा हप्ता ९ हजारांवरून थेट १६ हजार?? साडूला मात्र ५,७५३!

चक्रधर७८ | गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, संध्या. ६:४०

आज दसरा. सकाळी गाडी धुतली, हार घातला, नारळ फोडला. दुपारी श्रीखंड-पुरी खाऊन आडवा होतोय तोच विमा कंपनीचा मेसेज. नूतनीकरणाचे १६,४२१ रुपये! गेल्या वर्षी ९,२३४ भरले होते. गाडी वर्षाने जुनी झाली म्हणजे हप्ता कमी व्हायला नको का?

वर कडी म्हणजे साडूची अगदी हीच गाडी आहे, रंगसुद्धा तोच. त्याला ५,७५३ चं कोटेशन आलंय. जेवायला आमच्याकडेच होता. सगळ्यांसमोर मोबाइल नाचवत म्हणाला, "तुम्हाला बनवलं राव." तेव्हापासून घरात माझी किंमत ५,७५३ पेक्षाही खाली आहे.

शनिवारी रात्री १२ वाजता पॉलिसी संपते. कस्टमर केअरने २५ मिनिटं नुसतं संगीत ऐकवलं. कोणती कंपनी घेऊ तेवढं सांगा. ज्ञान नको, उपाय हवा.

पॉलिसीवाला | ६:५२

गाडी कोणती, कुठल्या साली घेतली, पासिंग कुठलं, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) किती, ॲडऑन (जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण) कोणते, क्लेम केला होता का? यातलं एकही न सांगता "कोणती कंपनी" विचारणं म्हणजे डॉक्टरला फोनवर "दुखतंय, गोळी सांगा" म्हणणं.

चक्रधर७८ | ६:५८

बलेनो, पेट्रोल. पुणे. क्लेमबिम काही नाही. बाकीचं बघायला पीडीएफ उघडावी लागेल, पासवर्ड लक्षात नाही.

शंकासूर | ७:०३

सगळ्या कंपन्या चोर. फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा घ्या, कायद्याला तेवढंच लागतं. मी सात वर्षं तेच करतोय. वाचलेले पैसे बाजूला टाकतो, ठोकली की त्यातून दुरुस्ती.

पॉलिसीवाला | ७:०९

आणि गाडी चोरीला गेली की? तेव्हाही बाजूला टाकलेल्या पैशातून नवी गाडी का?

शंकासूर | ७:११

माझी गाडी चोरायला चोराला आधी ती ढकलावी लागेल.

निवृत्त_निवांत | ७:३०

मी वर्षाला जेमतेम चार हजार किमी चालवतो. २०२२ च्या जुलैपासून विमा नियामकाने जितकी चालवाल तितका हप्ता या पद्धतीच्या ॲडऑनला परवानगी दिली आहे. मी तेच घेतो. तुम्हीही तेच घ्या. मंडईला मी चालत जातो, गुडघेही चांगले राहिले आहेत.

चक्रधर७८ | ७:३४

काका, मी रोज सिंहगड रोड ते हिंजवडी जातो.

निवृत्त_निवांत | ७:४१

मग मेट्रोचं बघा.

मोहोळचा_मास्तर | ७:४८

मला वेगळीच शंका येतेय. गाडी दसऱ्यालाच घेतली होती ना? २०२२ च्या?

चक्रधर७८ | ७:५०

हो! कसं ओळखलं?

मोहोळचा_मास्तर | ८:१२

पॉलिसी ४ ऑक्टोबरला संपतेय आणि २०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला होता. आता ऐका. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तुम्ही २०२२ मध्ये शोरूममध्येच १०,६४० अधिक जीएसटी भरून बसला आहात. 'ऑन रोड'च्या आकड्यात ते दिसत नाही. त्यामुळे २०२३ आणि २०२४ ला तुम्ही भरलात तो फक्त ओडीचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता. यंदा ती तीन वर्षं संपली. तुमची गाडी १,००० ते १,५०० सीसी गटातली, तिचा टीपी, म्हणजे थर्ड पार्टीचा हप्ता, वर्षाला ३,४१६. हा दर सरकार ठरवतं आणि १ जून २०२२ पासून तोच आहे. कंपनी बदलून यात एक रुपया सुटणार नाही.

साडूंची गाडी कोणत्या सालची?

चक्रधर७८ | ८:१५

२०२३ चा दसरा. माझी बघूनच घेतली ना त्याने.

मोहोळचा_मास्तर | ८:१७

झालं तर मग. त्यांचा टीपी पुढच्या ऑक्टोबरपर्यंत भरलेला आहे. ५,७५३ हे फक्त ओडीचे. पुढच्या वर्षी त्यांनाही दणका बसेल, तेव्हा जेवायला त्यांच्याकडे जा.

अनु_एडिसन | ८:३३

तुमचे आकडे वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे न्यू जर्सीत मुलाला लायसन्स मिळालं आणि त्याचं नाव पॉलिसीत घातलं, तर हप्ता जवळजवळ दुप्पट झाला. गाडी तीच, अपघात शून्य. इथे कोण चालवतो यावरच सगळं असतं: वय, वाहतूक पोलिसांची दंडाची तिकिटं, पिनकोड, इतकंच काय क्रेडिट स्कोअरसुद्धा बघतात. माझी बहीण कॅलिफोर्नियात आहे, तिकडे क्रेडिट स्कोअर बघायला बंदी आहे. तुमच्याकडे मुलाचं नाव घातलंय का पॉलिसीत?

पॉलिसीवाला | ८:४०

ताई, आपल्याकडे चालक कोण हे कोणी विचारतच नाही. हप्ता गाडीवर लागतो. अठरा वर्षांचा पोरगा चालवो नाहीतर साठीचे आजोबा, लायसन्स असलं की झालं.

शंकासूर | ८:४४

म्हणजे माझ्यासारख्या नीट चालवणाऱ्याने टवाळ पोरांचे पैसे भरायचे. हाच तर माझा मुद्दा आहे.

चक्रधर७८ | ९:०५

पासवर्ड सापडला (जन्मतारीखच होती). यंदाचं असं आहे: आयडीव्ही ५,३५,०००. ओडी ७,०२०. झीरो डेप (बदललेल्या भागांच्या किमतीत घसारा न कापण्याचं) २,३००. इंजिन प्रोटेक्ट ७००. रोडसाइड १५०. टीपी ३,४१६. सीपीए (मालक-चालकाचा अपघात विमा) ३३०. जीएसटी २,५०५. एकूण १६,४२१.

पण टीपी-सीपीए जीएसटीसकट धरले तरी ४,४२० च होतात. फरक ७,१८७ चा आहे. बाकीचे कुठे गेले? आणि विम्यावरचा जीएसटी परवाच शून्य झाला ना? म्हणजे इथेही फसवणूक?

मोहोळचा_मास्तर | ९:२०

२२ सप्टेंबरपासून शून्य झाला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा. गाडीच्या विम्याला १८ टक्के कायम आहेत.

तुमच्या यादीत एनसीबीची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीची, ओळच नाही. गेल्या वर्षीच्या कागदावर बघा, २५ टक्के वजा केलेले दिसतील. यंदा ३५ हवे होते. खरं सांगा, क्लेम केला होता का?

चक्रधर७८ | ९:४१

क्लेम म्हणजे… गणपतीत गावी गेलो होतो, तिथे बंपर खांबाला घासला. शोरूमवाला म्हणाला झीरो डेप आहे, फुकटात होईल. ५,००० च्या आसपास बिल झालं, मी फक्त हजार भरले. त्याला क्लेम म्हणतात?

पॉलिसीवाला | ९:४२

🙏

दुरुस्ती_चालू_आहे | ९:५५

मी गॅरेजवाला, रोज हेच बघतो. शोरूमचा सर्व्हिस ॲडव्हायझर "इन्शुरन्समध्ये टाकूया" म्हणतो, कारण मग गिऱ्हाईक बिलावरून घासाघीस करत नाही. आमच्याकडे तोच बंपर घासून, पुट्टी भरून, रंगवून अडीच हजारांत झाला असता. आणि घासलेला बंपर दिसला म्हणून कोणी जात नाही. पुण्यात तर बिनघासलेला बंपर दिसला की लोक थांबून बघतात.

मोहोळचा_मास्तर | १०:१०

हिशेब करून दाखवतो. कंपनीकडून तुम्हाला अंदाजे ४,००० मिळाले. यंदा ७,०२० वर ३५ टक्के म्हणजे २,४५७, वर जीएसटी, असे २,८९९ गेले. एनसीबीची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० अशी असते. क्लेम झाला की पुन्हा तळाशी. पुढच्या वर्षी ४५ मिळाले असते तिथे २० मिळतील, त्याच्या पुढे ५० ऐवजी २५. म्हणजे दोन वर्षांतच चार हजार फिटले आणि वर भुर्दंड सुरू.

साडूंच्या कोटेशनमध्ये झीरो डेप आहे का तेही विचारा.

चक्रधर७८ | १०:२२

विचारलं. नाहीये. आयडीव्हीसुद्धा ५,२०,००० लावलीय, त्याची गाडी माझ्यापेक्षा वर्षाने नवीन असून! पासिंग सांगलीचं, एमएच १०.

पॉलिसीवाला | १०:३५

कोणीतरी हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही पाडली आहे. गाडी चोरीला गेली तर त्यांना ५,२०,००० च मिळतील. दोन वर्षांच्या बलेनोला इतकी कमी घेऊ नये.

सांगलीचाही किंचित फायदा आहे. पुणे, मुंबई, दिल्ली अशी आठ शहरं झोन ए मध्ये, बाकी देश झोन बी. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकात, या गटाला पुण्यात आयडीव्हीच्या ३.२८३ टक्के आणि सांगलीत ३.१९१. ओडीचे दर २००७ पासून खुले झाले तरी बऱ्याच कंपन्या अजून तेच आकडे पायाला धरून वर सूट देतात. ६० टक्के सूट धरली तर पुणेकर असण्याचे तुम्हाला दोनशे रुपयेसुद्धा पडत नाहीत.

शंकासूर | १०:३८

पुणेकर असण्याची किंमत दोनशेपेक्षा जास्त आहे.

कृष्णाकाठ | १०:५०

सांगलीचा विषय निघाला म्हणून लिहिते. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या पार्किंगमध्ये बॉनेटपर्यंत पाणी होतं. उतरल्यावर यजमानांनी किल्ली फिरवली. खाडकन आवाज आला आणि गप्प. सर्व्हेअरने एअर फिल्टरची डबी उघडली, आत चॉकलेटी चिखल, त्यात एक छोटा बेडूक, जिवंत. तो म्हणाला, गाडी नुसती बुडाली असती तर गोष्ट वेगळी होती, तुम्ही पाण्यात स्टार्टर मारलात. इंजिन प्रोटेक्ट नव्हतं. सीट, वायरिंगचे पैसे मिळाले, इंजिनाचे नाही. बेडूक मात्र सुखरूप गेला.

दुरुस्ती_चालू_आहे | १०:५८

सिंहगड रोडवाल्यांनी हे वाचून ठेवा. २०२४ च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरून काय झालं ते आठवतंय ना? ७०० रुपये वाचवायला इंजिन प्रोटेक्ट काढू नका. आणि पाणी उतरल्यावर किल्लीला हात लावू नका, आधी बॅटरीची वायर काढा.

रानफूल | शुक्रवार, ३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मध्येच विचारते, सॉरी. माझ्या ११० सीसी स्कूटरचा विमा दीड वर्षापूर्वी संपलाय. काही होतं का?

पॉलिसीवाला | ७:३१

पहिल्यांदा सापडलात तर २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टीपी ७१४ अधिक जीएसटी आहे. आणि कोणाला लागलं तर नुकसानभरपाई तुमच्या घरादारातून. आजच घ्या.

चक्रधर७८ | ८:०५

बरं, एक सुचलंय. वेबसाइटवर "गेल्या वर्षी क्लेम केला होता का" असा प्रश्न येतो. तिथे "नाही" दाबलं की आकडा झटक्यात खाली येतो. नव्या कंपनीला कुठे कळणार?

पॉलिसीवाला | ८:०९

कळतं. ते जुन्या कंपनीकडे एनसीबीची खातरजमा करतात. लबाडी निघाली तर ओडीचा क्लेम नामंजूर करायला आयतं कारण मिळतं. अडीच-तीन हजारांसाठी साडेपाच लाखांची गाडी उघड्यावर टाकू नका. हवं तर माझ्याकडून घ्या, मी एजंट आहे.

शंकासूर | ८:११

आलं! रात्रीपासून वाट बघत होतो.

पॉलिसीवाला | ८:१४

अहो, रात्रीपासून फुकट उत्तरं देतोय ते दिसलं नाही का? ऑनलाइन दोनशे रुपये वाचवणारे ठोकल्यावर मलाच फोन करतात, "साहेब, क्लेम फॉर्म कसा भरायचा?"

मोहोळचा_मास्तर | ८:४०

भांडण पुरे. चक्रधर, तीन गोष्टी करा. दुसऱ्या दोन कंपन्यांकडून हीच आयडीव्ही आणि हेच ॲडऑन ठेवून आकडे मागा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. बाइक असेल आणि तिच्या पॉलिसीत १५ लाखांचा सीपीए असेल तर इथे पुन्हा भरू नका, तसं लिहून द्या. रोडसाइड शोरूमकडून आधीच घेतलेलं असेल तर तेही काढा. झीरो डेप ठेवा. ते नसेल तर प्लॅस्टिक-रबराच्या भागांची अर्धी किंमत कापतात, आणि आजच्या गाडीत प्लॅस्टिकशिवाय समोर असतं काय?

आयडीव्ही मात्र यंदा सगळ्यांचीच जरा जास्त घसरलेली दिसेल. ती नव्या गाडीच्या आजच्या किमतीवर काढतात, आणि छोट्या गाड्यांचा जीएसटी २२ तारखेपासून १८ टक्क्यांवर आलाय.

चक्रधर७८ | शनिवार, ४ ऑक्टोबर, सकाळी ११:२६

झालं एकदाचं. दुसऱ्या कंपनीकडे, आयडीव्ही तीच ५,३५,०००. ओडी ६,२००, झीरो डेप २,१००, इंजिन प्रोटेक्ट ६५०, टीपी ३,४१६. सीपीए बाइकवर निघाला, रोडसाइड शोरूमचं मार्चपर्यंत आहे. जीएसटीसकट १४,५९२. म्हणजे १,८२९ वाचले. क्लेमच्या प्रश्नाला "हो" दाबलं. दाबताना बोट जरा जड झालं.

साडूला फोन करून पुढच्या वर्षीच्या टीपीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मग तेव्हा गाडीच बदलतो." मास्तर, तुमचे विशेष आभार. पॉलिसीवाले, बाइकचा विमा जानेवारीत आहे, तो तुमच्याकडून.

रानफूल | ११:४०

माझापण झाला! ८४३ रुपये. दीड वर्ष उगाच पोलीस दिसले की गल्लीत वळत होते.

अनु_एडिसन | दुपारी १२:०२

अभिनंदन. पण मुलाचं नाव घातलं की नाही ते सांगितलंच नाहीत.

चक्रधर७८ | १२:१५

ताई, माझा मुलगा दुसरीत आहे.

अवांतर: परवापासून झेंडूचा हार बॉनेटवरच राहिला, पिवळे डाग पडलेत. शाम्पूने जात नाहीयेत. काय लावू?

शंकासूर | १२:१७

इन्शुरन्समध्ये टाका.