मदत हवी आहे: पॅरिसच्या स्पर्धेसाठी निधी कसा उभारावा?

नमस्कार मंडळी,
आमची विद्यापीठाची टीम यंदा आयजेममध्ये उतरली आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालेली ही सिंथेटिक बायॉलॉजीची (सजीवांच्या जनुकांत बदल करून त्यांच्याकडून नवी कामं करून घेण्याच्या शास्त्राची) स्पर्धा. 2022 पासून अंतिम मेळावा पॅरिसला भरतो. प्रयोग मार्गी लागलेत, घोडं पेंड खातंय ते पैशापाशी. टीमची फी, विमान, शेंगेन व्हिसा, त्यासाठी सक्तीचा किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा... संपतच नाही.

कंपनीत गेलं की पहिला प्रश्न, "सीएसआर-1 नोंदणी आहे का? 80जी?" (म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठी संस्थेची नोंदणी, आणि देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता.) पोरांच्या टीमकडे ते कुठून असणार! विद्यापीठाच्या खात्यात घ्यावेत, तर बिलं मंजूर होईतो तिकिटं महागणार. अमेरिकेतले माजी विद्यार्थी द्यायला तयार आहेत. भारतीय पासपोर्टवाल्यांचं ठीक, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे विद्यापीठाने घ्यायचे म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांचा कायदा, आलाच.

कुणी एखाद्या ट्रस्टमार्फत किंवा रोटरी क्लबकडून असा निधी घेतलाय का? ट्रस्टशी लेखी काय ठरवलंत? क्राउडफंडिंगवाले प्रत्यक्षात किती कापतात? आणि व्हिसाला प्रायोजकाचं पत्र चाललं, की आईबाबांचं बँक स्टेटमेंटही लागलं?

नुसतं "क्राउडफंडिंग करा" नको प्लीज, ते घरच्या ग्रुपवर रोज ऐकतोय. पत्राचा नमुना असेल तर मेसेज करा.