शब्दचर्चा: 'मॅन्युफॅक्चरर' म्हणजे कारखानदार, उत्पादक की निर्माता? (निमित्त: व्हरमाँटचे गव्हर्नर)

जोडाक्षर
अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या चार गव्हर्नरांच्या छोट्या नोंदी मराठीत करायच्या आहेत. इरास्टस फेअरबँक्स (१८५२-५३ आणि पुन्हा १८६०-६१), त्यांचे चिरंजीव होरेस (१८७६-७८), लीवाय फुलर (१८९२-९४) आणि जेम्स हार्टनेस (१९२१-२३). इंग्रजी नोंदींत चौघांवर एकच शिक्का असतो: 'मॅन्युफॅक्चरर अँड पॉलिटिशियन'. फेअरबँक्स बापलेक वजनकाट्यांचे, फुलर ऑर्गनचे, हार्टनेस लेथचे (धातू कातायच्या यंत्राचे). मराठीत चौघांना एकच शब्द चालेल का? आणि पदाला 'राज्यपाल' म्हणावं का?

मोडीवाला
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. तिकडचा गव्हर्नर लोक निवडतात आणि सरकार तोच चालवतो. काम पाहिलं तर तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा, पण 'मुख्यमंत्री'ही चुकीचं, कारण तो विधिमंडळाचा सदस्य नसतो. 'गव्हर्नर' हा शब्द मुंबई इलाख्याच्या काळापासून मराठीत आहे, तोच ठेवा. (डिझेल इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागालाही वर्कशॉपात गव्हर्नरच म्हणतात. लेथवाल्याच्या नोंदीत तेवढं जपा.)

सालांबाबत एक खबरदारी. व्हरमाँटमध्ये १८७० पर्यंत गव्हर्नरची मुदत एकच वर्ष होती, मग दोन झाली. त्यामुळे '१८५२-५३' ही पूर्ण मुदत आहे, तिथे 'अल्पकाळ पदावर' लिहिलं की चूक. तसंच कुणालाही निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर तिथलं विधिमंडळ गव्हर्नर ठरवतं. इरास्टस यांनी दारूबंदीच्या कायद्यावर सही केली. १८५३ मध्ये सर्वांत जास्त मतं त्यांनाच होती, पण बहुमत नव्हतं, आणि विधिमंडळाने दुसऱ्याला निवडलं. 'निवडणुकीत पडले' हे इथे बसत नाही. 'पद गेलं' म्हणा.

कोशकीटक
आता मुख्य शब्द.

'उत्पादक' मराठीत शेताकडे झुकलाय: ऊस उत्पादक, दूध उत्पादक, द्राक्ष उत्पादक. 'काटा उत्पादक' ऐकून वाचक बुचकळ्यात पडेल. 'निर्माता' नाटक-सिनेमावाल्यांनी कधीच नेला. 'उद्योगपती'त पैसा दिसतो, वस्तू दिसत नाही. 'भांडवलदार' म्हटलं की मोर्चाच आठवतो. राहिला 'कारखानदार'. तो बरोबर आहे, पण महाराष्ट्रात 'कारखानदार पुढारी' म्हटलं की डोळ्यांसमोर सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष येतो, आणि तो मालक नसतो, सभासदांनी निवडलेला असतो. म्हणून नुसतं 'कारखानदार' न लिहिता वस्तू आधी लिहा: 'वजनकाट्यांचे कारखानदार'.

गंमत अशी की 'कारखाना' हा फारसी शब्द मराठीत आला तो सरकारी खात्याच्या अर्थाने. शिवकाळातले 'अठरा कारखाने' म्हणजे खाती आणि कोठारं. किल्ल्यावरचा कारखानीस धान्य-दारूगोळ्याचा साठा सांभाळायचा. तो सरकारी अंमलदार, वस्तू बनवणारा नव्हे. तेव्हा माल आणि राज्यकारभार या शब्दात आधीपासूनच शेजारी आहेत.

तोलणार
'वजनकाटा' फार मोघम आहे. थॅडियस फेअरबँक्स (इरास्टस यांचे धाकटे बंधू) यांनी १८३१ मध्ये पेटंट घेतलं ते प्लॅटफॉर्म काट्याचं. सेंट जॉन्सबरी गावात हेम्पचा व्यवहार होता आणि गाड्या भरून माल तोलायचा होता. (हेम्पला 'अंबाडी' लिहू नका, ती वेगळी वनस्पती. 'हेम्पचा वाख' म्हणा.) त्याआधी अख्खी गाडी साखळ्यांनी उचलून, लांब दांडी आणि सरकतं वजन असलेल्या काट्याला टांगावी लागे. थॅडियस यांनी फळी जमिनीच्या पातळीवर आणली आणि तरफा तिच्याखाली खड्ड्यात घातल्या. गाडी नुसती वर आणून उभी करायची. याला मराठीत नेमका शब्द आहे: भुईकाटा. 'तराजू' लिहिलंत तर दोन पारडी दिसतील, ती इथे नाहीतच.

फळीखालच्या तरफा सुरीच्या पात्यासारख्या पोलादी धारांवर टेकतात आणि चारही कोपऱ्यांचा भार एका उभ्या सळईतून वरच्या दांडीला देतात. प्रमाण १:१०० असेल तर दांडीवरचं १ किलो खालच्या १०० किलोंना तोलून धरतं. चारही कोपऱ्यांना हे प्रमाण तंतोतंत सारखं हवं, म्हणजे माल फळीवर कुठेही ठेवला तरी वजन तेच येतं. एखादी धार गंजली, बोथट झाली की 'कोपरा चुकतो'. तपासणीही तशीच: एकच वजन आळीपाळीने चारही कोपऱ्यांवर ठेवायचं आणि आकडा हलतो का ते पाहायचं. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे फळी आणि चौकट यांच्या फटीत माती-खडे अडकणं. थोडा भार चौकटच पेलते आणि वजन कमी दिसतं. ऊस हंगामात ऐकू येणारी 'काटामारी' मात्र वेगळी. ती माणसाने केलेली, हा यंत्राचा दोष.

पांढरी सहा
फुलर ब्रॅटलबरोच्या एस्टी ऑर्गन कंपनीतले, संस्थापक जेकब एस्टी यांचे जावई. या कंपनीने पाच लाखांहून जास्त रीड ऑर्गन बनवले. नोंदीत नुसतं 'ऑर्गन' लिहिलं तर काहींना चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन वाटेल. 'पायपेटी' मोहात पाडते, पण पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायची हार्मोनियम. हार्मोनियममध्ये भाता हवा बाहेर ढकलतो आणि ती पट्टीतून (म्हणजे रीडमधून, कंप पावणाऱ्या धातूच्या जिभेतून) जाते. अमेरिकन रीड ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो, म्हणून नाद मऊ येतो. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला 'ऑर्गन' म्हटलं की हेच वाद्य कळतं, तेव्हा 'रीडचा ऑर्गन' पुरे.

दोष दोन्हींत सारखेच. भात्याचं रबरी कापड कडक होऊन चिरतं आणि दम टिकत नाही. पट्टीच्या जिभेखाली धुळीचा कण गेला की सूर मुका होतो. सूर लावताना जिभेचं टोक खरवडलं तर तो चढतो, बुडाशी खरवडलं तर उतरतो. उलट केलंत तर पट्टी फुकट.

फुलर यांचं नाव स्वरमानाशीही (वाद्यं कोणत्या उंचीच्या सुरात लावायची त्या प्रमाणाशी) जोडलेलं आहे. १८९१ मध्ये अमेरिकन पियानो कारखानदारांनी सेकंदाला ४३५ कंपनांचा 'ए' मान्य केला, त्या समितीचं काम त्यांनी पाहिलं. 'ए' म्हणजे आपली पांढरी सहा. आजच्या ४४० शेजारी ४३५ वाजवला तर सेकंदाला पाच ठोके (आवाजाचे चढउतार) ऐकू येतात.

आणि १८८६-८८ मध्ये ते लेफ्टनंट गव्हर्नर होते. 'नायब राज्यपाल' नको, तो दिल्लीचा वाटतो. व्हरमाँटमध्ये हा माणूस सिनेटच्या बैठकीचं अध्यक्षस्थान सांभाळतो. 'उपगव्हर्नर' लिहा.

जोडाक्षर
आभार. हार्टनेस यांच्या 'फ्लॅट टरेट लेथ'चं काय करू? कोशात टरेट म्हणजे बुरूज.

टर्नर
'सपाट बुरूज लेथ' वाचून पिंपरीतला कामगार हसेल. 'टरेट लेथ'च ठेवा आणि अर्थ उलगडा: अनेक हत्यारं लावलेलं, फिरवून एकेक हत्यार कामावर आणणारं डोकं. जुन्या टरेटमध्ये हे डोकं उंच आणि हत्यारं बाहेर लोंबणारी. जोराचा काप घेतला की थरथर आणि पृष्ठभागावर लाटा. स्प्रिंगफील्डच्या जोन्स अँड लॅम्सन कंपनीत हार्टनेस यांनी १८९१ च्या सुमारास डोकं बसकं, रुंद चकतीसारखं केलं आणि ते कडेजवळ पकडलं, म्हणजे हत्याराचा लोंबता भाग कमी झाला. 'फ्लॅट' ते याच अर्थाने, म्हणून 'बसका टरेट'. त्या लेथची '२×२४' ही ओळख म्हणजे २ इंच जाडीची सळई, २४ इंच लांबीपर्यंत. गुणाकार समजून ४८ करू नका.

या माणसाला मात्र 'कारखानदार' अपुरं पडतं. यंत्राचा आराखडा त्यांचाच, १९१४ मध्ये ते अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्स सोसायटीचे अध्यक्षही होते. 'यंत्रकार आणि कारखानदार' असं लिहिलं तर?

मोडीवाला
'यंत्रकार' छान. हार्टनेस यांचे जावई राल्फ फ्लँडर्स तुमच्या यादीत घुसतील, त्यांना अडवा. तेही त्याच कंपनीचे अध्यक्ष होते, पण १९४६ ते १९५९ ते वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये होते. 'व्हरमाँटचे सिनेटर' लिहिलं तर राज्याच्या सिनेटमधले वाटतात. 'व्हरमाँटमधून अमेरिकी सिनेटवर' असं लिहा. आणि १८३६ आधीच्या कुणालाही 'राज्य सिनेटर' म्हणू नका. तोवर व्हरमाँटला एकच सभागृह होतं.