पट १४, अनुदान १०,०००: कौलं पटाप्रमाणे फुटतात का?

खाडीकाठची_आई:
दापोली-मंडणगड पट्ट्यातली आमची वाडी. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी, पट १४. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणजे सह्या करते आणि शिव्या खाते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाला मिळणारं संयुक्त अनुदान ३० पटापर्यंत १०,०००. ३१ मुलं झाली की २५,०००, शंभरावर गेलं की ५०,०००. त्यातले १० टक्के स्वच्छतेवर घालायचे.

आता आमचा हिशोब बघा. वांदरांनी ऐंशीएक कौलं फोडली. चाळीस रुपयाने ३,२०० झाले. शाकारायला दोन गडी दोन दिवस, ३,६००. स्वच्छतेचे १,००० बाजूला काढले तर उरले २,२००. त्यात वर्षभराचं लाईट बिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी. खालच्या गावात ९० मुलांची शाळा आहे, तिच्या छपरावर पाऊस आमच्याएवढाच पडतो. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "ताई, दर मुलामागे तुम्हालाच जास्त मिळतात." बरोबर आहे, ७१४ रुपये. पण छप्पर काय मुलं मोजून लहान होतं?
कुणाच्या शाळेने यातून वाट काढली असेल तर सांगा.

निवृत्त_गुरुजी:
ताई, ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी अशाच शाळांवर. शिक्षकांच्या बाबतीत शिक्षण हक्क कायद्याने किमान आकडा तरी ठरवलाय. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, मग पट १४ असो की ५४. इमारतीला तसा विचार नाही, इथेच खरी गोम आहे. संयुक्त अनुदानातून छप्पर करत बसू नका, ते वर्षभराच्या खर्चासाठी आणि किरकोळ दुरुस्तीसाठी असतं. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा अबंधित निधी येतो, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचं, त्यात शाळा दुरुस्ती बसते. समितीचा ठराव करा, फोटो जोडा, १ मेच्या ग्रामसभेत विषय घ्या. तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

रोखठोक७८:
राग मानू नका, पण १४ पोरांसाठी इमारत, शिक्षक, पोषण आहार असं सगळं चालवायचं कशाला? गाडी लावा आणि खालच्या शाळेत घाला. तिथे खेळायला जोडीदार तरी मिळतील.

खाडीकाठची_आई:
दादा, जोडीदारांचं पटलं. माझी मुलगी तिसरीत एकटी आहे, वर्गात नंबर नेहमी पहिला! पण मधे पऱ्ह्या आहे, म्हणजे ओढा. जुलैत साकवावरून पाणी जातं तेव्हा गाडी अलीकडेच थांबते. सहा वर्षांचं पोर पलीकडे कोण नेणार?

चाकरमानी_बोरिवली:
आमच्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने गेल्या गणपतीत शाळेला मोठा टीव्ही दिला. फोटोबिटो काढले. शिमग्याला गेलो तर टीव्ही कपाटात, वर प्लास्टिक! बाई म्हणाल्या, भिंतीला ओल येते, लावू कुठे? आम्ही आधी छप्पर विचारायला हवं होतं. तुमच्या कौलांचं बघतो, मे महिन्यात आम्ही गावीच असतो.

खाडीकाठची_आई:
दादा, तुम्ही बोललात तेच खूप. नाही म्हणणार नाही, पाऊस थांबत नाही. पण शेजारच्या वाडीतले मुंबईला कुणी मोठे झाले नाहीत, त्यांना मंडळ नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात आमची कौलं मंडळाने पंधरवड्यात घातली, त्यांची शाळा ताडपत्रीखालीच राहिली. अनुदान दोन्ही शाळांना सारखंच.

गुरुजी, ठराव तुम्ही सांगता तसा करते. त्यांच्या समितीलाही बरोबर घेते, एका ग्रामसभेत दोन्ही शाळा. अर्जात "गळती" लिहू की "धोकादायक"? आणि कौलं परत मोजायला हवीत, मागच्या पडवीची मी धरलीच नव्हती.

निवृत्त_गुरुजी:
जे आहे तेच लिहा. वासा कुजला असेल तरच "धोकादायक", नाहीतर पाहणीला येणारा पहिलं तेच खोडेल. वासे टोचून बघा.