सीफूड बॉइल: बटाटा कच्चा, कोळंबीचं खोडरबर

नेरुळकरीण
माझा भाचा दोन वर्षं चार्ल्सटनला होता, अमेरिकेत साउथ कॅरोलिनात. तिकडे सीफूड बॉइल म्हणून कोळंबी, सॉसेज, मक्याची कणसं आणि बटाटे एकाच टोपात उकडून टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ओततात. ताटं नाहीत, सगळे हातानं खातात. "मावशी, आपण करूया ना!"

रविवारी केलं. दिवाळे गावच्या कोळणीकडून किलोभर कोळंबी आणि चार चिंबोऱ्या आणल्या. दहा लिटरचा टोप माळ्यावरून काढला. एकाच टोपात म्हणजे सगळं एकदम, अशी माझी समजूत. वीस मिनिटांनी बटाटा टणक, कोळंबी खोडरबर, चिकन सॉसेज फुगून फाटलेलं. आणि चव आजाऱ्याच्या जेवणाची. भाचा "छान झालंय" म्हणत लिंबू पिळत राहिला. सासूबाईंनी मुकाट्यानं वरण गरम केलं.

पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहे. काय चुकलं?

ऐरोलीचा खादाड
ताई, टोप एकच, पण जिन्नस पाळीपाळीनं. लिंबाएवढे बटाटे आधी, सुरी आत जाऊ लागेपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं. मग चिंबोऱ्या आणि कणसाचे तुकडे, दहा मिनिटं. कोळंबी सगळ्यात शेवटी, दोन-तीन मिनिटं. ती वाकडी झाली की झाली, गोल वेटोळं झालं की गेली. दर वेळी पाणी थंडावतं, म्हणून पुन्हा उकळी आल्यावरच घड्याळ बघा. घरच्या गॅसवर दहा लिटर पाणी कशाला? जिन्नस बुडतील एवढंच घ्या.

चव पाण्यातून येते, त्यामुळे पाणी रश्श्यापेक्षा खारट हवं. लिटरला एक मोठा चमचा मीठ. तिकडे ओल्ड बे मसाला घालतात, पण त्यावाचून अडत नाही. लुइझियानात बॉइलच्या पुरचुंडीत मोहरी, धणे, तमालपत्र, मिरची असतं, म्हणजे आपलाच डबा. फडक्यात बांधून सोडा, सोबत लसणाचा अख्खा गड्डा आडवा कापून. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं मुरू द्या, पण कोळंबी आधी झाऱ्यानं काढून घ्या.

करावे गाव
बाय, कोलंबी सोलू नको. पाठीवर कात्रीनं चीर मारून काळा दोरा काढ, कवच राहू दे, गोडवा त्यातच. चिंबोरी हातात घेऊन बघ, जड असेल तीच घे. आमच्याकडे अवसेची भरलेली म्हणतात, पुनवेची पोकळ. आणि जून-जुलैत हा घाट घालू नको, तेव्हा यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, बहुतेक बर्फातलीच मिळेल.

वाशीकर
चिकन सॉसेज बहुतेक शिजवलेलंच येतं, ते टोपात टाकूच नका. काप करून लोण्यात लसणाबरोबर परता आणि शेवटी वरून ओता. तिकडचं सॉसेज धुरावलेलं, म्हणून पाण्याला चव येते. आपल्याकडे ते काम चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज करतं, पण ते कच्चं असतं, त्यामुळे बटाट्याबरोबरच टाका. व्हिनेगरचा आंबटपणा आणि लाल तेल उतरतं, त्याच्या माळेतले पाच-सहा मणी पुरेत.

वर्तमानपत्र मात्र नको, शाई अन्नाला लागते. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही तसं बजावलंय. केळीची पानं अंथरा.

जाता जाता: याचं दुसरं नाव फ्रॉगमोर स्ट्यू. साउथ कॅरोलिनातल्याच सेंट हेलेना बेटावर फ्रॉगमोर नावाचं ठिकाण आहे, त्यावरून पडलं. बेडूक नसतो, पण सासूबाईंना सांगू नका.

नेरुळकरीण
केलं! चोरीस घातलं, बटाटे आतपर्यंत लाल झाले. कोळंबी घड्याळ लावून अडीच मिनिटं, हातात घेताच कवच सुटत होतं. भाच्यानं या वेळी लिंबाला हात लावला नाही. चिंबोरी एक पोकळ निघाली, करावेकर ताईंचं आधी ऐकायला हवं होतं. केळीच्या पानावरून लोणी ओघळून टेबलक्लॉथ गेला, तो वेगळा विषय.

सासूबाईंनी दोन कणसं खाल्ली. मग टोपातलं पाणी बघून म्हणाल्या, एवढा अर्क फेकायचा? नारळ वाटला, कोकम टाकलं आणि त्या खारट पाण्यात सवयीनं मीठही. मी तेव्हा अंगणवाडीच्या मुलांसारखी हात धुवायला रांगेत होते.