अनुभव धागा : दम, सूज, वाढत्या उशा. हार्ट फेल्युअरची पहिली खूण तुमच्या घरी कशी दिसली?

छातीत कळ आली की माणूस दवाखाना गाठतो. पण हार्ट फेल्युअर, म्हणजे शरीराला लागेल तेवढं रक्त हृदयाला पुरवता न येणं, बऱ्याचदा कळ न येताच सुरू होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींनी आपले अनुभव जरूर लिहावेत. औषधांचे डोस मात्र लिहू नका.

खानापूर
आमच्या अण्णांना पावसाळ्यात खोकला लागला. सगळे म्हणाले, हवाच तशी आहे. पण खोकला यायचा तो आडवं झाल्यावरच. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. मग मध्यरात्री घाबरे होऊन उठायचे आणि खिडकीशी बसून श्वास घ्यायचे. चपलेचा पट्टा पायात रुतलेला वैनीनं पाहिला. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला! दुसऱ्याच दिवशी बेळगावला नेलं. ईसीजी, एक्स-रे, इको (हृदयाची सोनोग्राफी) झालं. पंपिंग कमी, फुप्फुसांत पाणी. लघवी वाढवणारी गोळी लागू पडली आणि अण्णा परत पाठ टेकून झोपू लागले.

निपाणी
आईनं जन्मभर विड्या वळल्या. तिला दम असा नव्हताच. नुसता थकवा, आणि दोन घासांत पोट गच्च. पित्त म्हणून गोळ्या चालू होत्या. बीपी-शुगर जुनं, म्हणून डॉक्टरांनी इको आणि बीएनपी ही रक्ततपासणी करायला लावली. पंपिंगचा आकडा चांगला आला, तरी निदान हार्ट फेल्युअरच. हृदय ताठर झालं की ते नीट भरत नाही, असं त्यांनी समजावलं. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

शहापूर, बेळगाव
बाबांचं वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं की डॉक्टरांना फोन. लोणचं, पापड, सांडगे बंद. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या परस्पर आणायच्या नाहीत. त्यानं अंगात पाणी धरतं.

चिकोडी
बसल्या जागी धाप, ओठ निळसर, गुलाबी फेसाचा खोकला, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, 108 लावा. मावशीला कन्नड बोलता येत नाही, म्हणून तिच्या फोनशेजारी गाव, शाळेची खूण आणि त्रास सांगणारं कन्नड वाक्य देवनागरीत लिहून चिकटवलंय.