माझं मत विंचवाला

सगळ्यात वाईट दुखणं कोणतं, या प्रश्नावर कुणीतरी म्हटलंय की मुतखड्यापुढे सगळ्या कळा फिक्या. मला मुतखडाही झालाय आणि विंचूही चावलाय, माझं मत विंचवाला. मुतखड्याची कळ निदान येते-जाते, विंचवाची ठणक थांबतच नाही. पेंढा उचलताना अंगठ्याला डसला, आणि रात्रभर कुणी हातोडीने ठोकत बसल्यासारखं. आजीने कांदा चोळला, उपयोग शून्य (वास मात्र दोन दिवस).

पण कोकणातला लाल विंचू चावून नुसतीच ठणक असेल तर नशीब समजा. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, हा खरा धोका. विष हृदयाला त्रास देतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून कित्येक जीव वाचवले. मला अंगठ्यात भुलीच्या इंजेक्शनवर भागलं. ते टोचतानाही बोंबललोच.