गावातलं लहानपण नोकरीच्या अर्जात लिहायचं का?

बालाघाटचा_पोरगा:
पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत फिल्डवरची जागा निघालीय, अर्ज लिहायलोय पण तीन दिवस झाले पहिल्याच परिच्छेदात अडकलोय. गाव अंबाजोगाई तालुक्यात, बीएस्सी अ‍ॅग्री झालंय, अनुभव म्हणावा असा नाही. शहरातल्या पोरांकडं इंटर्नशिप, सर्टिफिकेटं असतेत. माझं लहानपण सगळं रानात गेलं, भाकर बांधून गुरांमागं निघायचं ते दिवस मावळायला घरी, कुणी विचारायचं नाही कुठं होतास, कुठल्या हिरीचं पाणी कवा आटतंय, कुठं काळी माती अन् कुठं मुरूम हे पायाला ठाऊक. पण हे अर्जात लिहायचं असतंय का? सध्या 'मी मेहनती, प्रामाणिक व जिद्दी आहे' एवढंच झालंय.

ज्वारीभाकर:
भाऊ ती मेहनती-प्रामाणिकची ओळ आधी काढ. ऑफिसात मी अर्ज वाचायला बसतो, सगळेच ते लिहितेत, नजर थांबतच नाही. जाहिरात परत वाच, त्यांना काय काय येणारा माणूस पाहिजे ते बघ अन् त्या प्रत्येकापुढं तू हातानं केलेलं एक काम लिही. २०१६ ला पहिला वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा, झाला तवा तीनच तालुके होते, वरूड, कोरेगाव अन् तुझं अंबाजोगाई. तू शाळेत असशील. श्रमदानाला गेलतास का? गेला असशील तर किती दिवस, काय केलंस, नंतर काय दिसलं, हे लिही.

सिडकोतली_आई:
माझं माहेर औसा तालुक्यातलं. आता संभाजीनगरात चौथ्या मजल्यावर राहते, लेकरं खाली पार्किंगमधे खेळायला गेली तरी मी खिडकीत उभी. त्यांचं कुठलंच ठरवणं त्यांच्या हातात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुला दहाव्या वर्षी बैल बिथरला तर काय करायचं ते एकट्यानं ठरवावं लागलं असेल, असा एखादा प्रसंग मुलाखतीत नक्की सांग दादा. पण 'गावाकडचा असल्यामुळे' असं लिहू नको. ते मोकळेपण सगळ्यांना नव्हतं. मी बारा वर्षांची झाले अन् माझं एकटीनं रानात जाणं बंद झालं, भाऊ मात्र हिरीत उड्या मारायचा. आणि पाणी भरतात बाया, त्यांच्याशी बसून बोलता येत असेल तर तेही लिही, या कामात ते लागतंच.

बालाघाटचा_पोरगा:
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. श्रमदानाला गेलतो, चौदा वर्षांचा होतो. आता असं लिहिलंय: '२०१६ च्या उन्हाळ्यात २२ दिवस गावाच्या माळावर श्रमदान केले. आम्ही हायड्रोमार्करने (दोन काठ्यांना जोडलेली पाण्याची पारदर्शक नळी) समान उंचीचे बिंदू शोधून रेषा आखली व त्यावर समतल चर खोदले, जेणेकरून उताराचे पाणी वाहून न जाता जागीच मुरेल. पावसाळ्यानंतर घरच्या विहिरीची पातळी दर आठवड्याला दोरीने मोजून वहीत नोंदवली.' वही अजून आईच्या पेटीत हाय.

ज्वारीभाकर:
वहीच्या पानाचा फोटो सोबत जोड. अन् 'आम्ही' मधे तुझं काय होतं ते वेगळं सांग, नळी धरलीस का रेषा आखलीस.

बालाघाटचा_पोरगा:
नळी धरली. तसंच लिहितो.